सगळ्या अश्लील साइट एकाच डोमेनवर टाकल्या तर? ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात धोके किती आहेत ते पाहा

मे महिना लागला की नागपुरात सकाळी अकरानंतर पोट्टे घराबाहेर पडत नाहीत, ४५ डिग्रीत पडतील तरी कसे, आणि आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे एवढे दिवस कूलर, पडदे ओढलेली खोली आणि हातात मोबाईल. मग शाळा सुरू झाल्या की पालक हळूच विचारायला लागतात. मी शाळा आणि कोचिंग क्लासचं नेटवर्क सांभाळतो म्हणून मला विचारतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, की जसं डॉट कॉम असतं, डॉट इन असतं, तसं या घाणेरड्या साइटसाठी एक वेगळं डोमेन का नाही काढत, सगळ्यांना तिथेच बसवायचं, मग आपण घरच्या वायफायवर तेवढं एक डोमेन बंद केलं की सुटलो.

प्रश्न विचारणारा माणूस काळजीपोटीच विचारून राहिला असतो आणि त्याची काळजी खरीच आहे. पण हा उपाय काम करत नाही. आणि नुसतं काम करत नाही एवढंच असतं तर सोडून दिलं असतं, त्याने नवीन नुकसान होतं, तेही अशा लोकांचं ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही. ते कसं, हे जरा नीट सांगतो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे असं डोमेन आहेच. डॉट ट्रिपल एक्स नावाचं. त्याच्या मंजुरीची भानगड दहा वर्षांच्या वर चालली. आयसीएम रजिस्ट्री नावाच्या कंपनीने २००० मध्ये पहिल्यांदा मागणी केली, नाकारली गेली. २००४ मध्ये परत अर्ज. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी आयकॅन नावाची संस्था आहे, कॅलिफोर्नियात बसते, तिने २००५ मध्ये तत्त्वतः होकार दिला, तर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याकडे विरोधाची सहा हजारांच्या आसपास पत्रं आणि ईमेल जाऊन पडले, खात्याने आयकॅनला थांबायला सांगितलं, मग २००६ मध्ये नकार, २००७ मध्ये परत नकार. कंपनीने दाद मागितली, २०१० मध्ये स्वतंत्र पॅनलने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि शेवटी १८ मार्च २०११ ला मंजुरी मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरपासून कोणालाही विकत घेता यायला लागलं. पुढे २०१५ मध्ये डॉट पॉर्न आणि डॉट अडल्ट पण विक्रीला आले.

आता यात लक्ष देण्यासारखं हे की विरोध कोण करत होतं. अमेरिकेतल्या धार्मिक संघटना म्हणत होत्या की यामुळे या धंद्याला प्रतिष्ठा मिळेल. आणि खुद्द तो धंदा करणाऱ्या कंपन्याही विरोधात होत्या! त्यांचं म्हणणं, आज ऐच्छिक म्हणाल, उद्या सक्तीचं कराल आणि परवा आख्खं बंद कराल. ही भीती हवेतली नव्हती, कारण २००६ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये मॅक्स बॉकस आणि मार्क प्रायर या दोघांनी सक्तीचं बिल आणलंच होतं, ते पास झालं नाही ही वेगळी गोष्ट. भारतासकट बऱ्याच देशांच्या सरकारांनाही हे डोमेन नकोच होतं आणि मंजुरी मिळाल्याबरोबर आपल्याकडचे अधिकारी सांगून मोकळे झाले की आम्ही ते पूर्णच ब्लॉक करू. म्हणजे ज्याला हवं होतं असा माणूस शोधावा लागत होता, ते विकणारी कंपनी सोडली तर.

आणि निकाल काय लागला? एवढी वर्षं झाली, या धंद्यातल्या बहुतेक मोठ्या साइट अजूनही डॉट कॉमवरच आहेत. त्यांनी कशाला जावं, तिथे गेलं की देशच्या देश एका फटक्यात बंद होतात हे त्यांनाही कळतं. काहींनी दोन्हीकडे नावं घेऊन ठेवली. म्हणजे तुम्ही घरी डॉट ट्रिपल एक्स बंद केलं तरी जे बंद करायचं होतं ते चालूच.

मग सक्ती करा ना, असं कोणी म्हणेल. इथून खरा विषय सुरू होतो.

डोमेनचं नाव म्हणजे नेमकं काय हे आधी समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. तुम्ही मोबाईलवर एखादी साइट उघडता तेव्हा मोबाईलला ते नाव वापरून काहीच सापडत नसतं, त्याला लागतो नंबर, ज्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. मग तो डीएनएस नावाच्या यंत्रणेला विचारतो की या नावाचा नंबर काय, ती यंत्रणा नाव उजवीकडून वाचत जाते, आधी शेवटचा तुकडा, डॉट इन किंवा डॉट कॉम, तो कोणाकडे आहे ते पाहते, त्यांच्याकडून पुढच्या तुकड्याची माहिती घेते आणि शेवटी नंबर आणून देते. डीएनएसचं काम इथे संपलं. पुढचं सगळं बोलणं त्या नंबरशी होतं. त्या नंबरमागच्या कॉम्प्युटरवर काय ठेवलंय, शाळेचं टाइमटेबल आहे का नागडे फोटो, हे डीएनएसला माहीत नसतं, माहीत असायची सोयच नाही. नावाच्या शेवटी काय लिहिलंय याचा आणि आत काय आहे याचा कोणताच तांत्रिक संबंध नाही, असेल तर तो फक्त कागदावरच्या कराराचा.

यातून दोन उलटे प्रकार होतात. एक, ज्याचा एक पानही अश्लील नाही त्याच्याकडे अश्लील नाव बोट दाखवू शकतं. मी आज पैसे भरून तसलं एक डोमेन घेतलं आणि त्याच्या सेटिंगमध्ये नागपुरातल्या कोणत्याही शाळेच्या साइटचा नंबर टाकला तर मला कोणी अडवणार नाही, शाळेची परवानगी लागत नाही, शाळेला कळतही नाही. आता कोणीतरी फिल्टर असा बनवला की त्या डोमेनमधली सगळी नावं घ्यायची, त्यांचे नंबर काढायचे आणि ते नंबर ब्लॉक करायचे, तर शाळा ब्लॉक. आणि एका नंबरवर एकच साइट असते असंही नाही, स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेत, एका नंबरवर शेकडो साइट असतात, डॉक्टरचं क्लिनिक, साडीचं दुकान, लग्नाचा हॉल, सगळे एकाच ठिकाणी. एक नंबर गेला की सगळे गेले आणि त्या दुकानदाराला शेवटपर्यंत कळत नाही की आपली साइट काही लोकांकडे उघडत काहून नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट, की सभ्य नावाच्या आत काहीही असू शकतं. एक्स म्हणजे जुनं ट्विटर, त्यांनी २०२४ मध्ये आपल्या नियमांत लिहूनच टाकलं की प्रौढांचा मजकूर चालेल, फक्त लेबल लावा. रेडिट या चर्चेच्या साइटवर तसे वेगळे विभाग आहेत. मग सक्ती करायची तर काय करणार, आख्खं ट्विटर उचलून त्या डोमेनमध्ये टाकणार? तिथे तर आपले पंतप्रधानही लिहितात, नागपूर पोलीसही लिहितात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, टेलिग्रामवर जो व्हिडिओ फिरतो त्याला डोमेनचं नावच नसतं, फाइल इकडून तिकडे जाते, बस. आज नववी-दहावीतल्या पोरांपर्यंत हा माल पोचतो तो याच रस्त्याने, वर्गमित्रांच्या ग्रुपमधून, रीलखालच्या लिंकमधून. तिथे शेवटी डॉट काय आहे याने काही म्हणजे काहीच फरक पडत नाही.

हे सगळं कोणाला आज सुचलंय असंही नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये, म्हणजे डॉट ट्रिपल एक्स मंजूर व्हायच्या सात वर्षं आधी, डोनाल्ड ईस्टलेक या इंजिनिअरने आरएफसी ३६७५ हे टिपण लिहिलं, आरएफसी म्हणजे इंटरनेटची तांत्रिक कागदपत्रं ज्या मालिकेत निघतात ती. डॉट सेक्ससारखी सक्तीची डोमेनं काढणं धोकादायक आहे हे त्याच्या शीर्षकातच होतं आणि आत सविस्तर कारणं होती, की नाव हे लेबल म्हणून वापरायला बनलेलंच नाही, आणि जगातल्या सगळ्यांसाठी एकच व्याख्या ठरवणं कोणाला जमणार नाही. तांत्रिक भाषेतलं आहे पण मुद्दे साधे आहेत आणि अजूनही खोडले गेलेले नाहीत.

व्याख्येवर जरा थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त चिंता याचीच आहे.

गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंडा देवस्थान आहे, विदर्भाचं खजुराहो म्हणतात त्याला. महाशिवरात्रीला केवढी जत्रा भरते, आजीपासून नातवापर्यंत सगळे जातात, आणि त्या देवळाच्या भिंतींवर मिथुनशिल्पं आहेत. कोणी त्या शिल्पांचे जवळून काढलेले चांगले फोटो साइटवर टाकले तर ती साइट कुठे जाणार, नेहमीच्या डोमेनवर का त्या दुसऱ्या? स्तनाच्या कॅन्सरची तपासणी घरी कशी करायची हे चित्रं दाखवून समजावणारी साइट? पाळीबद्दल, गर्भनिरोधकांबद्दल, पोरांना वयात येतानाच्या बदलांबद्दल सांगणारी? ठरवणारा माणूस भित्रा असेल तर तो म्हणेल टाका तिकडे, कशाला रिस्क घ्या. आणि एकदा तिकडे गेली की कॉलेजच्या नेटवर बंद, ऑफिसच्या नेटवर बंद, घरी बंद, म्हणजे ज्या मुलीला ती माहिती हवी आहे तिलाच मिळणार नाही.

आपल्या मराठीला तर हे चांगलं ठाऊक पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, संततिनियमन, लैंगिक आरोग्य, असल्या विषयांवर त्या काळात उघड लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर स्वतः वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. आज आपण त्यांना काळाच्या पुढचा माणूस म्हणतो. पण त्या वेळी इंटरनेट असतं आणि असलं सक्तीचं डोमेन असतं तर समाजस्वास्थ्यला तिथेच नेऊन बसवलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि कायद्याचं मोजमापही बदलत राहतं. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये रणजीत उदेशी खटल्यात अश्लीलता ठरवायला जुनी इंग्रजी कसोटी मान्य केली होती, मग २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात ती सोडून दिली आणि म्हटलं की आजच्या समाजाच्या नजरेने पाहायचं. त्यात विषय होता टेनिसपटू बोरिस बेकरच्या त्याच्या होणाऱ्या बायकोसोबतच्या नग्न फोटोचा, कोर्टाने तो अश्लील नाही असं ठरवलं. आता आजच्या समाजाच्या नजरेने हे ठीकच आहे, पण समाज कोणता? ॲमस्टरडॅमचा वेगळा, रियाधचा वेगळा, आणि आपल्या नागपुरात तर धरमपेठ आणि महाल या दोन भागांमध्येही एकमत व्हायचं नाही. डोमेन मात्र जगाला मिळून एकच. डॉट ट्रिपल एक्सचा शेवटचा तुकडा सगळ्या देशांसाठी तोच असतो, तिथे देशाप्रमाणे वेगळा नियम बसवायची जागाच नाही.

भारतापुरतं बोलायचं तर अजून एक पेच आहे जो फार कोणी बोलत नाही. आयटी कायद्याच्या कलम ६७अ प्रमाणे उघड लैंगिक कृत्य असलेला मजकूर इंटरनेटवर प्रसिद्ध करणं हाच गुन्हा आहे, पहिल्या वेळेस पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मोठ्यांसाठी असेल तर चालेल अशी सूट त्यात नाही. मग भारतातला कोण माणूस स्वतःच्या नावाने, केवायसी देऊन तसलं डोमेन घेईल? घेणं म्हणजे कबुलीजबाब लिहून देणं. म्हणजे जो चोरून धंदा करतो तो डोमेन घेणार नाही, आणि घेणार कोण तर ज्याला घाबरवून घ्यायला लावलं तो, तो लैंगिक शिक्षणवाला किंवा चित्रकार.

आता स्विचबद्दल. पालकांना वाटतं एकच स्विच असलं की सोपं. खरंय, सोपंच आहे, पण ते स्विच तुमच्या एकट्याच्या हातात नसतं ना. नागपूरकरांना गंगा-जमुना ही वेश्यावस्ती सांगायला नको. शंभराच्या वर वर्षांची वस्ती, शहराने वर्षानुवर्षं तिचं असणं धरूनच ठेवलेलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पोलीस आयुक्तांनी एक अधिसूचना काढली, बॅरिकेड लागले, वस्ती सील. बाजूने मोर्चे निघाले, विरोधात निघाले. ते बरोबर होतं का चूक, हा इथे विषय नाही, त्या बायांचं पुढे काय झालं हा फार मोठा आणि वेगळा विषय आहे. मला एवढंच दाखवायचंय की नकाशावर एकदा गोल मारून ठेवला की पुढे फक्त एक सही लागते. आणि त्या गोलाच्या आत ज्यांचा त्या धंद्याशी संबंध नाही अशी घरंही असतातच, त्यांच्या पत्त्यावरही तेच नाव असतं, पोरीचं लग्न जमवताना काय होतं ते त्यांना विचारा. डोमेनचं तसंच होणार, फक्त शहराच्या एका भागात नाही तर देशभर, आणि बॅरिकेडही दिसणार नाही.

सहीने काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. ३१ जुलै २०१५ ला दूरसंचार खात्याने ८५७ साइट ब्लॉक करायचा आदेश इंटरनेट कंपन्यांना दिला. यादी आली कुठून, तर सुप्रीम कोर्टात चालू असलेल्या एका याचिकेतून. दोन-चार दिवसांत एवढा गोंधळ झाला की सरकारने सांगितलं ज्यावर लहान मुलांचा अश्लील मजकूर नाही त्या बंद करायची गरज नाही. मग २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने परत आदेश दिला, तेव्हा केंद्राच्या आयटी मंत्रालयाने तीच यादी तपासली आणि त्यातल्या ३० साइटवर अश्लील असं काही सापडलंच नाही, म्हणून ८२७ बंद केल्या. म्हणजे २०१५ मध्ये त्या ३० जणांचा काही दोष नसताना त्यांची नावं सरकारी आदेशात होती. आणि ज्या बंद केल्या त्यातल्या मोठ्या साइटने काही दिवसांतच थोडं वेगळं नाव घेऊन परत दुकान लावलं. ही तर एकेक नाव लिहून बनवलेली यादी होती, म्हणून निदान तपासता तरी आली. आख्खं डोमेन बंद करायला यादीच लागत नाही, एक ओळ लिहिली की झालं, मग कोणती निर्दोष साइट गेली हे मोजायचं तरी कसं.

अजून एक धोका आहे पैशाचा आणि बदनामीचा. नवीन डोमेन निघालं की तुमच्या नावाने ते कोणीही घेऊ शकतं. डॉट ट्रिपल एक्सची घाऊक किंमत वर्षाला ६० डॉलरच्या आसपास होती, तेव्हा डॉट कॉम दहा डॉलरच्या आत मिळत होतं. २०११ मध्ये अमेरिकेतली विद्यापीठं घाबरून स्वतःच्या नावाची असली डोमेनं विकत घेत सुटली, कॅन्सस विद्यापीठाने तर विद्यार्थिनींच्या नावाने कोणी वापरू नये म्हणून बरीच नावं घेऊन ठेवली. २०१५ मध्ये डॉट पॉर्न निघालं तेव्हा टेलर स्विफ्टकडच्या लोकांनी तिच्या नावाचं आधीच घेऊन टाकलं. तिच्याकडे पैसे आहेत, वकील आहेत. आपल्या इथल्या मुलींच्या कॉलेजने काय करावं, दरवर्षी प्रत्येक नवीन डोमेनमध्ये आपलं नाव विकत घेत बसावं? आज डॉट कॉमसारखे शेवटचे तुकडे चौदाशेच्या वर आहेत, आपलं देवनागरीतलं डॉट भारत धरून. आणि एखाद्या साध्या घरातल्या मुलीचं नाव-आडनाव घेऊन तिच्या माजी मित्राने तसलं डोमेन काढलं, आत एक पानही टाकलं नाही, तरी तिचं नाव शोधणाऱ्याला ते दिसणार आणि तो काय समजायचं ते समजणार. डोमेनचं नाव स्वतःच आरोप करतं, पुरावा आत असो नसो.

खासगीपणाचं पण थोडक्यात सांगतो. मोबाईलने डीएनएसला विचारलेला प्रश्न बऱ्याच वेळा उघडाच जातो, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, ऑफिसच्या आयटीवाल्याला, हॉस्टेलच्या वायफायवाल्याला दिसू शकतो. आज त्यांच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, हजारो नावं असतात, त्यातून काही शोधायचं तर मेहनत आहे. सगळं एकाच डोमेनखाली आलं की एका क्लिकमध्ये यादी तयार, कोणी काय उघडलं. चुकून लिंक दाबलेला माणूसही त्यात येणार. आणि एखाद्या समलैंगिक मुलाने आपल्यासारखे अजून कोणी आहेत का हे वाचायला माहितीची साइट उघडली, जी कोणीतरी तिकडे ढकलून ठेवली होती, तर त्याचंही नाव येणार, आणि ते नाव घरी पोचलं तर त्याच्यावर काय वेळ येईल ते सांगायला नको.

पण पालकांच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात वाईट काय होतं, तर खोटा विश्वास. डोमेन बंद केलंय ना, मग आता काळजी नाही, असं म्हणून मोबाईल हातात देऊन मोकळं व्हायचं. ज्या दिवशी हा विश्वास बसतो त्या दिवसापासून विचारपूस थांबते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून जे यायचं ते येतच राहतं.

मग करायचं काय, हे विचारालच. जे करायचं ते तुमच्या घरच्या उपकरणावर करा, जगाच्या नावांच्या यंत्रणेत नको, कारण घरचं तुम्ही बदलू शकता, चुकलं तर दुरुस्त करू शकता, पोरगं मोठं झालं की काढू शकता. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस म्हणून पर्याय असतो, तिथे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम (family.cloudflare-dns.com) हे इंग्रजीत टाका, ते अश्लील साइट अडवतं, ते फुकट आहे आणि वायफाय असो की मोबाईल डेटा, दोन्हीवर चालतं. घरच्या राउटरला लावायचं असेल तर डीएनएसच्या जागी १.१.१.३ टाका, पण ते फक्त वायफायवर लागू होतं, सिमच्या डेटावर नाही, ही गोष्ट लोक विसरतात. हे फिल्टर डोमेनचा शेवट पाहत नाहीत, साइटची वर्गवारी पाहतात, वर्गवारी सतत बदलत असते, आणि चुकीची वाटली तर तुम्ही फिल्टर बदलू शकता, म्हणून मला हे चालतं. आयफोनमध्ये स्क्रीन टाइमच्या आत प्रौढ साइट मर्यादित करायची सोय आहे. गुगलचं सेफसर्च चालू करून ठेवा, लहान मुलांच्या फोनवर गुगलचंच फॅमिली लिंक टाका म्हणजे नवीन अ‍ॅप तुम्हाला विचारल्याशिवाय पडणार नाही, हे महत्त्वाचं कारण फुकटचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच वाटेने वळवणारं, अ‍ॅप टाकलं की वरचं सगळं फिल्टर फोल ठरतं आणि दहावीच्या पोराला ते पाच मिनिटांत जमतं.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन सेटिंग आजच बदला. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे फक्त माझे कॉन्टॅक्ट असं ठेवा. माझ्या अनुभवात घरोघरी सगळ्यात जास्त फरक पडला तो या दोन गोष्टींनी, कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरने नाही. आणि पोराशी बोला, चिडून नाही, त्याला हे माहीत पाहिजे की असं काही दिसलं आणि आईबाबांना सांगितलं तर मोबाईल काढून घेणार नाहीत. मोबाईल जायच्या भीतीनेच पोरं सांगत नाहीत, आणि कोणी फोटोवरून धमकावत असलं तरी सांगत नाहीत, तिथून गोष्टी फार वाईट वळणावर जातात.

लहान मुलांचा लैंगिक मजकूर दिसला तर तो कोणत्याही डोमेनवर असो, तो गुन्हाच आहे, आयटी कायद्याचं कलम ६७ब आणि पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, दोन्ही लागतात, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की असलं काही जवळ ठेवणं पण पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतं. म्हणून पुरावा म्हणूनही फॉरवर्ड करू नका. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर अशी तक्रार स्वतःचं नाव न देताही करता येते, कुठे पाहिलं त्याची लिंक किंवा नंबर लिहून ठेवा. मुलाला मदत हवी असेल तर १०९८ चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते. कोणी तुमच्या संस्थेच्या नावाने तसलं डोमेन घेतलंच तर त्यावर लगेच सोशल मीडियात ओरड करू नका, त्याने ते नाव अजून पसरतं. आधी तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, डोमेन कोणत्या कंपनीकडून घेतलंय ते हूइज या डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेत पाहा, त्या कंपनीला आणि जवळच्या सायबर पोलीस ठाण्याला लेखी कळवा, आणि ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर युडीआरपी नावाची प्रक्रिया आहे, कोर्टात न जाता डोमेन परत मागता येतं, पण तिची फी डॉलरमध्ये असते आणि लहान संस्थेला ती जड जाते.